आबांच्या रक्षाविसर्जनाचं भाषण

आमच्या भागात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन होतं. राख सावडून झाली, निवदाला कावळा शिवला, तरी लोक लगेच घराकडं वळत नाहीत. स्मशानातल्या शेडखाली थांबतात आणि गेलेल्या माणसाविषयी कुणी ना कुणी चार शब्द बोलतं. सरपंच बोलतात, डेअरीचे चेअरमन बोलतात, आणि घरात कुणी शिकलेलं असेल तर शेवटी त्याला पुढं करतात. आमच्या भावकीत तो मान बरीच वर्षं माझ्याकडं आहे. मी कोल्हापुरात एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. चुलत्यांच्या वेळी मी बोललो, मामांच्या वेळी बोललो. माझा चुलतभाऊ एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मास्तर बोलाय लागलं की आयला, मेल्यालं माणूस जित्तं असताना कसं हुतं ते इसरूनच जातंय." लोक हसले होते. मलाही ते कौतुकच वाटलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. ते हयात आहेत. सकाळी उठून घराच्या पुढच्या सोप्यात बसतात, चहा पितात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. आणि त्यांच्या रक्षाविसर्जनाचं भाषण माझ्याकडं तयार आहे.

ते कसं तयार झालं हे सांगायचं तर आधी माझ्या सरांविषयी सांगायला हवं. एम. ए.ला ख्रिस्ती नीतितत्त्वज्ञानाचा एक ऐच्छिक पेपर होता. तो मी घेतला त्याला कारण विषय नव्हे. तो जे सर शिकवत त्यांचं मराठी मला कळत होतं, एवढंच. बाकीचे प्राध्यापक निम्मं इंग्रजीत बोलत आणि मी खाली मान घालून उतरवून घेत असे. सर जन्मानं ख्रिस्ती, बोलायला अगदी आपल्या घरातले. ते सांगत, की माणसाच्या घडणीतच काही ओढी ठेवलेल्या आहेत. जीव जपावा, लेकरं वाढवावीत, चारचौघांत मिळून राहावं, खरं काय ते शोधावं. या ओढींचा अर्थ बुद्धीला लागतो आणि त्यातून नियम निघतो: भलं ते करावं, वाईट ते टाळावं. त्यासाठी धर्मग्रंथ हातात पाहिजे असं नाही. शेतात राबणारा माणूसही तो नियम आतून ओळखतो. याला ते निसर्गनियमाचं नीतिशास्त्र म्हणत. मला ते एकदम पटलं. तोवर मी जे काही शिकलो होतो त्यात माझं गाव कुठंच बसत नव्हतं. यात बसलं. दुसऱ्या धर्माच्या विचारानं मला माझ्याच माणसांकडं मान वर करून बघायला शिकवलं, याबद्दल मी सरांचा कायमचा ऋणी आहे.

त्याच पेपरात दुहेरी परिणामाचं तत्त्व होतं. एका कृतीतून एक चांगला आणि एक वाईट असे दोन परिणाम निघणार असतील, तर ती करावी का? दुखणं थांबवायला दिलेल्या औषधानं आयुष्य कमी होणार असेल तर? सर म्हणत, कृती मुळात वाईट नसावी, वाईट परिणाम हा चांगल्याचं साधन नसावा, कारण तेवढंच गंभीर असावं, आणि मुख्य म्हणजे वाईट परिणाम तुमच्या मनाचा हेतू नसावा. तो दिसत असला तरी हवासा नसावा.

आता मी तेच शिकवतो. हेतू ओळखायचा कसा, असं पोरं दरवर्षी विचारतात. त्याला एक जुनी कसोटी आहे. समजा तो वाईट परिणाम झालाच नाही, तर तुम्हाला काय वाटेल? बरं झालं असं वाटेल, की बेत फसला असं वाटेल? बेत फसला असं वाटलं तर तोच तुमचा हेतू होता. फळ्यावर लिहायला फार सोपी कसोटी आहे. पोरांना आवडते.

गेल्या थंडीत आबांना न्यूमोनिया झाला. कोल्हापुरात दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क घट्ट आवळलेला. आबा भ्रमात होते. मास्क ओढून काढायचे आणि सिस्टरला ओरडायचे, "आगं, पाणी सोडलंय वरच्या वाफ्याला, मोटार बंद करा, मोटार!" म्हणून त्यांचे दोन्ही हात बँडेजनं कॉटच्या दांडीला बांधले होते. भेटायच्या वेळी आत गेलं की ते माझ्याकडं न बघता त्या बांधलेल्या हातांकडं बघत.

डॉक्टर तरुण आणि सरळ होते. म्हणाले, "मास्कवर भागत नाहीये. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. लावला तर त्यातून निघतीलच असं मी सांगू शकत नाही. वय झालंय, फुप्फुसं थकलीत."

बाहेर बाकड्यावर माझी थोरली बहीण बसली होती. तिला आम्ही आक्का म्हणतो, गडमुडशिंगीला दिली आहे. शेजारी चुलतभाऊ.

आक्का म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तू शिकल्यालास, तू सांग."

चुलतभाऊ म्हणाला, "माझं म्हणशीला तर घरी न्हेऊया. हितं हात बांधून मारण्यापरास तिथं आपल्या माणसात सुटंल. पर तू सांगशील तसं."

मी जिन्यात गेलो आणि सरांना फोन लावला. सर आता थकले आहेत, पण आवाज तसाच आहे. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उपचाराचं ओझं फायद्यापेक्षा जड झालं असेल, तर तो नाकारणं म्हणजे मारणं नव्हे. हे तू माझ्यापेक्षा चांगलं शिकवतोस." मग म्हणाले, "घरी नेल्यावर ते बरे झाले तर तुला कसं वाटेल?"

"आनंद होईल, सर."

"मग ने."

उत्तर द्यायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. करायला हवा होता, असं आता वाटतं. पण त्या वेळी मला ते इतकं उघड वाटलं, की सरांनी असं का विचारावं याचा थोडा रागच आला.

आम्ही आबांना घरी आणलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्याजवळ बसलो होतो. मास्क साधा लावला होता आणि हात मोकळे केले होते. शिरोली मागं पडली तेव्हा पहिलं वाक्य सुचलं. "माझ्या हातात पुस्तक यावं म्हणून या माणसानं आपल्या हातातलं खुरपं कधी खाली ठेवलं नाही." मला ते बरं वाटलं. त्याच्या मागून दुसरं आलं, तिसरं आलं. वाठारला हायवे सोडून आत वळेपर्यंत सुरुवात आणि शेवट दोन्ही झाले होते. शेवटी मी थांबणार होतो, खाली बघणार होतो, आणि मग फक्त "आबा" एवढंच म्हणणार होतो. आबा माझ्यासमोर दोन फुटांवर धापा टाकत होते आणि मी कुठं थांबायचं हे ठरवत होतो.

गावाकडं आयसीयूतून माणूस ऑक्सिजन लावून घरी आला की पुढचं कुणी सांगावं लागत नाही. भावकी आपली कामाला लागते. स्मशानात चितेसाठी शेणींची ट्रॉली जाऊन पडली. पावण्यांना फोन गेले. चुलतभावानं वडगावात जाऊन आबांचा डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्स, करून आणला. फेटा बांधलेला फोटो, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि त्याखाली भावकीतल्या सगळ्या तरण्या पोरांचे पासपोर्ट फोटो. नंतर घाई नको म्हणून आधीच करून ठेवला, असं त्याचं म्हणणं. तो गोठ्यात गुंडाळून ठेवलेला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पावण्यांच्या गाड्या यायला लागल्या तशी कुठल्या तरी पोरांना वाटलं की झालं, आणि त्यांनी तो नेऊन चौकात बांधला. मग बोर्ड बघून आणखी पावणे आले. बायका गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढून येत होत्या आणि सोप्यात आल्यावर, आबांची छाती हलताना बघून, पदरानं तोंड पुसून गप्प बसत होत्या.

गावातले डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले होते. आक्का उशाशी तुळशीचं पाणी घेऊन बसली होती. सोपा माणसांनी भरला होता. आबांनी डोळे उघडले. इकडून तिकडं बघितलं.

"एवढी माणसं कशाला आल्यात?"

शेवटी एक म्हातारे पावणे म्हणाले, "तुमास्नी बघाय आलोय, आबा."

"मग बसा की. आक्के, च्या ठेवलास का न्हाय? आन् मला बी दे. तोंड कडू झालंय."

आक्का एकदम हसली आणि एकदम रडली. भांडं हातातून सुटलं, तुळशीचं पाणी सांडलं. कुणीतरी म्हणालं, "आबा, तुम्ही आमच्या सगळ्यांच्या रजा वाया घालवल्या की!" सोप्यात हशा झाला. आबाही मास्कमधून हसले.

आणि मी?

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: म्हणजे आता हे सगळं परत पहिल्यापासून.

आणि त्याच्या पाठोपाठ, तितकंच स्पष्ट: भाषण राहिलं.

सरांनी जिन्यात विचारलेला प्रश्न असा खरा होऊन समोर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. फळ्यावर ती कसोटी "समजा" या शब्दानं सुरू होते. माझ्या बाबतीत ते "समजा" राहिलं नाही. माणूस वाचला, चहा मागितला, आणि मला काय वाटलं ते मला कळलं.

यातून सुटायची वाट मला ठाऊक आहे. तीसुद्धा मीच शिकवतो. त्याच परंपरेत म्हटलंय, की मनात आपोआप उठणारी पहिली लहर म्हणजे पाप नव्हे. ती कुणाच्याच हातात नसते. तिला बुद्धीनं आणि इच्छेनं होकार दिला, तर पुढचा प्रश्न येतो. थकलेला माणूस, जागरणं, धावपळ; एखादा वेडावाकडा विचार येऊन जाणारच. विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं असतं आणि त्याला बरं वाटलं असतं.

पण माझ्याकडं तो विचार येऊन गेला नाही. मी त्याला पाट मांडून बसवलं. सोप्यात सगळे हसत होते तेव्हा मी घरामागच्या परड्यात जाऊन उभा राहिलो. तोंडात कडवटपणा होता. दुपारी गावातले डॉक्टर परत आले. आबांची छाती तपासून खूश होऊन बाहेर आले, तेव्हा मी त्यांना कडेला घेऊन विचारलं, "डॉक्टर, ही सुधारणा टिकेल का? का विझायच्या आधीचा दिवा?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असं वाईट मनात आणू नका, मास्तर. धीर धरा. टिकेल! औषध लागू पडलंय." मग मागं वळून सोप्यातल्या लोकांना म्हणाले, "बापासाठी असा जीव तुटणारी पोरं ऱ्हायली न्हाईत आता."

लोकांनी माना डोलावल्या. मीही खाली बघितलं. अगदी भाषणात बघणार होतो तसंच.

संध्याकाळी सरांचा फोन आला. मी म्हटलं, "सर, आबा बोलायला लागले. चहा प्यायले." ते मग म्हणाले, "किती छान. तुला काय वाटलं?"

"आनंद झाला, सर."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?"

आनंद नंतर झाला, हे खरं आहे. आबा काठी घेऊन परड्यापर्यंत चालत गेले त्या दिवशी मी खरंच आनंदलो. पण सरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं ते खोटं होतं. आणि ज्या माणसानं मला खरं शोधायची ओढ हा माणसाचा स्वभाव आहे असं शिकवलं, त्याच्याशी ते बोललो.

यात मला सर्वांत जास्त कशाची लाज वाटते हे नीट सांगता येईल का बघतो. आबांना घरी आणणं चूक नव्हतं. त्याबद्दल मला आजही शंका नाही. व्हेंटिलेटरवर ते कदाचित गेले असते. कृती बरोबर होती, परिणाम तर सोन्यासारखा झाला, आणि तरी आत बसलेला माणूस बरोबर नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो चांगला मुलगा. आणि लाज आणखी त्या वाक्यांची आहे. आबांविषयी मला जी कृतज्ञता वाटते ती खोटी नाही. त्यांनी मला शाळेत घातलं, शेणामातीच्या पाटीला हात लावू दिला नाही, कॉलेजच्या पहिल्या दिवशी स्वतः सायकलवरून वडगावच्या स्टँडवर सोडलं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही. मी ते ऐकवणार होतो गावाला, ते नसताना, आणि ऐकायला ते राहिले म्हणून मी वैतागलो.

बोर्डाचं पुढं असं झालं. पोरांनी तो घाईघाईनं उतरवला, पण आबांना कुणीतरी सांगितलंच. "आणा बघू हिकडं," म्हणाले. चुलतभाऊ कानकोंडा होऊन घेऊन आला आणि सोप्यात उलगडला. आबांनी बराच वेळ बघितलं.

"फोटो झ्याक आलाय."

चुलतभावाला जरा धीर आला. "खालचं तेवढं बदलून 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' करूया का, आबा? फेट्यातला हाय, चालतंय की."

"आन् ही खालची माकडं कोण?"

"ती आमी, आबा."

आबा खोकेपर्यंत हसले. तेव्हापासून ते बरेच हसतात. आणि जो भेटेल त्याला सांगतात, "ह्यो माझा ल्योक. ह्यानं माझं हात सोडवलं. तिथं जनावरागत बांधून घातलं हुतं, ह्यानं सोडवून आणलं." दवाखान्यातलं त्यांना बाकी काही आठवत नाही, हात तेवढे आठवतात. मी जवळ असलो की माझं मनगट धरून सांगतात. मी म्हणतो, "आबा, ऱ्हाऊ द्या की." लोकांना तो माझा विनय वाटतो.

या वर्षी वर्गात मी दुहेरी परिणामाचं तत्त्व शिकवलं, पण ती कसोटी गाळली. अभ्यासक्रम संपवायचा आहे असं सांगितलं. आणि हेही लिहून टाकतो, की परवा एसटीत बसलो असताना त्या भाषणातलं मधलं एक वाक्य मी नकळत सुधारलं. सुधारून झाल्यावर लक्षात आलं.

गेल्या महिन्यात आबा म्हणाले, वाडीला जाऊन येऊया. नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन झालं आणि आम्ही घाटावर येऊन पायरीवर बसलो. शेजारी एक अनोळखी पावणे बसले होते, शिरोळकडचे असावेत. आबांनी त्यांना कुठले, काय, असं विचारून घेतलं आणि नेहमीप्रमाणं सुरू केलं. "ह्यो माझा ल्योक. कॉलेजात मास्तर हाय. मी मरणाच्या दारात गेलतो, ह्यानं सोडवून आणलं."

"पुण्याई तुमची," पावणे म्हणाले. "आमची बघा, फोन बी करत न्हाईत."

त्या दिवशी मला ते सोसवेना. पावणे पाण्याकडं उतरून गेले तसं मी म्हटलं, "आबा, असं सगळ्यास्नी सांगत जाऊ नका. मी तुमास्नी वाचवाय आणलं नव्हतं. डॉक्टरांनी आशा सोडली हुती. आमी तुमास्नी मराय घरी आणलं हुतं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी तुटेल.

"मग?" ते म्हणाले. "मराय घरीच आणायचं असतंय की, लेका. दुसरं कुठं न्हेणार हुतास?"

आणि ते समोर नदीकडं बघायला लागले. त्यांच्या लेखी ते एवढंच होतं. मी कबूल केलं ते कबूल करायला फार सोपं होतं, कारण त्यात चूक काही नव्हतीच. माझी परंपरा, माझे सर, आणि आता आबा, सगळ्यांनी ते माफ केलेलं होतं. मी अवघड ते मागं ठेवून सोपं पुढं केलं आणि माफी घेतली. त्यांनी चहा मागितला तेव्हा मला काय वाटलं, हे अजूनही सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

"धर जरा," आबा म्हणाले आणि उठायला हात पुढं केला. मी धरला. त्यांना पाण्यात पाय बुडवायचे होते. एकेक पायरी उतरताना ते सगळा भार माझ्यावर टाकत होते, विश्वासानं, जराही न चाचपता. मी बोललो नाही.

आबांना वाचता येत नाही. मी हे जे लिहिलं आहे ते त्याच भरवशावर.